नऊ दिवस, सहा माणसं आणि देव्हाऱ्यातला गंगाजलाचा गडू : एका कौटुंबिक रोड ट्रिपचं प्रकरण

हे प्रकरण माझ्या ताईच्या घरचं आहे, नावं मुद्दाम देत नाहीये. प्लॅनिंगमध्ये मी पहिल्या दिवसापासून होते आणि प्रवासात रोज रात्री फोनवर सगळं ऐकत होते, त्यामुळे कुठे काय ठरलं आणि का ठरलं हे मला बऱ्यापैकी नीट माहितीये. कमी सुट्टीत म्हातारी माणसं आणि मुलं घेऊन गाडीने लांब जायचा विचार कोणी करत असेल तर त्यांना उपयोग व्हावा म्हणून सगळं लिहून काढतेय.

पार्श्वभूमी

घर पुण्यातलं. ताई आणि भाऊजी दोघं नोकरी करणारे, मोठी मुलगी नववीत, धाकटा तिसरीत, आणि ताईचे सासू-सासरे. आजोबा ७४ वर्षांचे, उजवा गुडघा दुखतो, बीपीची गोळी चालू आहे. आजी ६९, तब्येत ठणठणीत पण गाडीत मागच्या सीटवर बसलं की मळमळतं. गाडी सात सीटची, पेट्रोलवरची.

आजोबा-आजी दहाएक वर्षांपूर्वी काशीला जाऊन आले तेव्हा तिथून तांब्याचा सीलबंद गडू आणला होता गंगाजलाचा. आपल्याकडे रीत अशी की काशीची गंगा रामेश्वराला घालायची आणि रामेश्वरची वाळू परत काशीला न्यायची, तेव्हा ती यात्रा पुरी होते. तो गडू इतकी वर्षं देव्हाऱ्यात बसून होता आणि आजोबा वर्षातून एकदा तरी म्हणायचे की आता रामेश्वर करून टाकूया. २०२४ च्या गणपतीत गुडघ्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशनचं नाव काढलं आणि मग त्या बोलण्याला एकदम घाई आली.

सुट्टीचं गणित असं. २५ डिसेंबर २०२४ बुधवारी येत होता. म्हणजे शनिवार २१ पासून रविवार २९ पर्यंत चार सुट्ट्या टाकल्या की नऊ दिवस मिळतात. भाऊजींच्या चारही मंजूर झाल्या. ताईला वर्षअखेरच्या कामामुळे तीनच मिळाल्या, शुक्रवार २७ ला काम करावंच लागणार होतं, घरून केलं तरी चालेल असं ऑफिसने सांगितलं होतं.

अडचण कुठे होती

वरवर बघता अडचण अंतराची होती. पुणे ते बेंगळुरू साधारण ८४० किलोमीटर, पुढे मदुराई साडेचारशेच्या आसपास, तिथून रामेश्वर अजून पावणेदोनशे, म्हणजे एका बाजूने चौदाशे ते साडेचौदाशे. भाऊजींनी पहिला प्लॅन केला तेव्हा गूगल मॅपवरचे तास घेऊन भागाकार केला होता आणि जाताना दोन दिवस, येताना दोन दिवस असं बसवलं होतं. कागदावर ते बसतही होतं.

पण मॅपचे तास म्हणजे नुसते चाकं फिरण्याचे तास. ताईने त्या आधीच्या मे महिन्यात गणपतीपुळ्याला गेले होते तेव्हाचा हिशोब काढला, की सहा माणसांची ही गाडी दर दोन तासांनी थांबते, आजोबांना पाय मोकळे करायला वीस मिनिटं, आजींना मळमळ असेल तर अजून दहा, मुलांचं खाणं वेगळंच. मॅपचा एक तास म्हणजे या घरासाठी जवळजवळ दीड तास होतो. शिवाय लांबचं चालवणारे एकटे भाऊजी. अशा हिशोबाने दिवसाला साडेतीनशे-चारशेच्या पुढे जाणं खरं नव्हतं आणि मग नऊपैकी सात दिवस रस्त्यातच जात होते. हा हिशोब तिने जेवणाच्या टेबलावर मांडला तेव्हा भाऊजी काही बोलले नाहीत, आजोबा उठून आत गेले.

मला विचाराल तर खरी अडचण ही होती, की त्या एका ट्रिपवर दोन वेगवेगळ्या इच्छा लादल्या होत्या. आजोबांना रामेश्वर हवं होतं. मुलांना आणि ताईला सगळ्यांनी मिळून गाडीने कुठेतरी जायचं होतं, गाणी लावत, थांबत. दोन्ही इच्छा खऱ्या होत्या, पण आम्ही पहिले दोन आठवडे त्या एकच आहेत असं धरून चाललो होतो.

कोणते पर्याय समोर होते

रामेश्वर गाडीनेच करायचं, फक्त मुक्काम वाढवायचे, हा पहिला. त्यात मदुराई आणि रामेश्वर मिळून दोन दिवस हातात राहत होते आणि एक टायर जरी पंक्चर झाला तरी त्यातला अर्धा गेला असता.

दुसरा पर्याय विमान किंवा रेल्वेने जाऊन तिथे गाडी भाड्याने घ्यायची. ख्रिसमसच्या आठवड्यात सहा तिकिटांचे भाव बघून तो तिथेच थांबला. रेल्वेची तेव्हा वेगळीच भानगड होती, रामेश्वरच्या बेटाला जोडणारा पांबनचा १९१४ चा जुना रेल्वे पूल डिसेंबर २०२२ पासून गाड्यांसाठी बंद होता, नवा अजून सुरू व्हायचा होता, त्यामुळे रेल्वे बेटापर्यंत जातच नव्हती. अलीकडे मंडपमला उतरून रस्त्याच्या पुलावरून जावं लागलं असतं, सामान आणि म्हातारी माणसं घेऊन.

कोकण-गोवा कोणीतरी सुचवलं, पण डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तिथे जाणं म्हणजे गर्दीत जाऊन बसणं, आणि ते तर कधीही शनिवार-रविवार जोडून होतं.

चौथा पर्याय आजींनी काढला. त्या म्हणाल्या, "कुलदेवीला जाऊन सहा वर्षं झाली, नातवाला अजून देवीच्या पायावर घातलेलं नाही." त्यांची कुलदेवी बदामीची बनशंकरी. पुण्याहून सोलापूर, विजापूर करत बदामी पावणेपाचशेच्या घरात येतं, तिथून हंपी दीडशेच्या आत. मुलीच्या तर डोक्यात हंपी होतंच, पन्नासच्या नोटेवरचा दगडी रथ तिला प्रत्यक्ष बघायचा होता.

निर्णय कसा झाला

इथे मला ताईचं खूप कौतुक वाटतं. मतदान घेतलं असतं तर पाच विरुद्ध एक झालं असतं आणि आजोबा गप्प बसले असते. तिने तसं केलं नाही. ती आजोबांपाशी एकटी जाऊन बसली आणि विचारलं, "बाबा, तुम्हाला आम्ही सगळे तिथे हवे आहोत की तुम्हाला गंगा घालायची आहे?" आजोबा बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "गंगा घालायचीय गं. तुम्ही आलात तर आनंदच आहे, पण गुडघा चालतोय तोवर घालायचीय."

मग ठरलं ते असं, की डिसेंबरची ट्रिप बदामी-हंपी, आणि रामेश्वर वेगळं, येत्या वर्षात, आजोबा-आजी आणि भाऊजी. नुसतं "नंतर बघू" असं नाही. भाऊजींनी तिथेच बसून पुढच्या वर्षातल्या दोन सुट्ट्या त्यासाठी बाजूला काढल्या आणि भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहिलं. ते लिहिलेलं होतं म्हणून आजोबा या ट्रिपला मनापासून आले, असं मला आजही वाटतं.

बाकीचे निर्णय पटापट झाले. दिवेलागणीनंतर गाडी चालवायची नाही. एका दिवसात साडेतीनशेच्या पुढे जायचं नाही, फक्त परतीचा दिवस सोडून. ताईने नोव्हेंबरचे चार रविवार हायवेवर गाडी चालवायचा सराव केला म्हणजे भाऊजींना दोन-दोन तास सुट्टी मिळेल. आजी मधल्या रांगेत खिडकीशी, दोन्ही मुलं मागे.

शुक्रवारच्या कामाचा प्रश्न मात्र चांगला दोन दिवस घोळला. आधी विचार होता की शुक्रवारी हंपीतच राहायचं आणि ताईने खोलीतून काम करायचं. मी म्हटलं, नेट नीट नसलं तर तिचा दिवस जाणार, बाकीचे पाच जण तिच्यासाठी अडकणार. दुसरा विचार बेळगावचा होता, पण १९२४ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली बेळगावला काँग्रेसचं अधिवेशन झालं त्याला शंभर वर्षं होत होती म्हणून २६-२७ डिसेंबरला तिथे मोठी बैठक होती आणि चांगल्या हॉटेलांत खोल्या मिळेनात. शेवटी हुबळी ठरलं. गुरुवारी जेवून हंपी सोडायचं, तीन-साडेतीन तासांत हुबळी, शुक्रवार तिथे. हंपीतला एक दिवस कमी झाला आणि मुलगी नाराज झाली, पण शहरातलं हॉटेल, भरवशाचं नेट आणि शनिवारी घर गाठायला अंतरही कमी.

प्रवासात काय घडलं

शनिवारी पहाटे पाचला निघाले. इंदापूरनंतर ताईने स्टिअरिंग घेतलं ते सोलापूरपर्यंत, आणि भाऊजी बाजूला चक्क झोपले. दुपारी एकच्या सुमारास विजापूर. संध्याकाळी गोलघुमट, मुलं वरच्या सज्जापर्यंत चढून गेली, कुजबुजलेलं पलीकडे ऐकू येतं ते ऐकून आली. आजोबा खाली हिरवळीवर बसून राहिले आणि त्यांना ते चाललं, कारण कोणी त्यांना चला चला केलं नाही.

रविवारी कोल्हारला कृष्णेच्या पुलापाशी मडक्यातलं दही घेतलं आणि दुपारी बदामी. सोमवारी सकाळी बनशंकरी. ओटी भरली, नैवेद्य झाला, धाकट्याला पायावर घातलं. देवळाबाहेर बायका टोपल्या घेऊन बसतात, ज्वारीची कडक भाकरी, भरलं वांगं, शेंगदाण्याची चटणी, दही. आजी म्हणाल्या की सहा वर्षांपूर्वी खाल्लं होतं तीच चव. पुढे लेणी बघायला गेले, चारही लेणी बघून होईपर्यंत उशीर झाला आणि धाकट्याने मधल्या वेळात काय काय खाल्लं याचा हिशोब राहिला नाही. रात्री अकराला त्याला उलट्या सुरू झाल्या.

हा या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात अवघड टप्पा. मंगळवारचा बेत पट्टदकल, ऐहोळे ही जवळची जुन्या देवळांची गावं करून संध्याकाळी हंपीजवळचं होस्पेट गाठायचा होता. होस्पेटच्या दोन खोल्यांचे पैसे आधीच भरलेले, परत न मिळणारे, एका रात्रीचे साडेसहा हजार. सकाळी डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी औषध दिलं, ओआरएस दिलं, आणि सांगितलं की काळजीचं काही नाही पण आजचा दिवस गाडीत बसवू नका. भाऊजींचं म्हणणं होतं की दुपारपर्यंत बघू, बरा वाटला तर चारला निघू, सातपर्यंत पोचू. म्हणजे शेवटचा तास-दीड तास अंधारात, अनोळखी रस्त्याने, आजारी मुलगा मागे.

ताईने मला फोन केला तेव्हा ती रडवेली झाली होती, साडेसहा हजारांसाठी नाही, आपण सगळ्यांचा दिवस बुडवतोय असं तिला वाटत होतं. मी एवढंच विचारलं की हे पैसे भरलेलेच नसते तर तू आज निघाली असतीस का. ती म्हणाली, नाही.

मग त्यांनी गट पाडले. ताई धाकट्याला घेऊन खोलीत थांबली. भाऊजी बाकीच्या तिघांना पट्टदकलला घेऊन गेले, वीस-बावीस किलोमीटर, आणि देवळं सगळी एका सपाट आवारात, त्यामुळे आजोबा काठी टेकत सगळीकडे फिरले. विरूपाक्षाचं देऊळ चालुक्यांच्या लोकमहादेवी राणीने नवऱ्याच्या कांचीवरच्या विजयासाठी बांधलं हे नातीने त्यांना वाचून दाखवलं. ऐहोळे सोडून दिलं. होस्पेटच्या हॉटेलला भाऊजींनी दुपारीच फोन करून सांगितलं की आम्ही आज नाही, उद्या येतोय, खोल्या ठेवा. हा फोन फार महत्त्वाचा ठरला, कारण न कळवता पोचलो नसतो तर दुसऱ्या रात्रीच्या खोल्याही त्यांनी सोडल्या असत्या, असं काउंटरवर सांगितलं.

बुधवारी सकाळी सातला बदामी सोडली, गजेंद्रगड-कुष्टगीवरून साडेदहाला होस्पेट. पंचवीस डिसेंबर, हंपीत माणसांचा पूर. विठ्ठल मंदिराकडे जाणाऱ्या बॅटरीच्या गाड्यांची रांग बघून भाऊजींनी तिथल्या तिथे बेत फिरवला. त्या दिवशी विरूपाक्षाचं दर्शन, दुपारी खोलीवर आराम, संध्याकाळी हेमकूट टेकडीवर सूर्यास्त, बास. विठ्ठल मंदिर गुरुवारी सकाळी उघडताक्षणी.

ते फार चांगलं झालं. गुरुवारी ते पहिल्या गाड्यांत होते, आवार जवळजवळ रिकामं. मुलीने रथासमोर पन्नासची नोट धरून फोटो काढला. आणि आजी गाभाऱ्यासमोर उभ्या राहिल्या, जिथे मूर्ती नाही. आपल्याकडे कथा आहे ना, कृष्णदेवरायाने पंढरीचा विठोबा इथे आणला आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास महाराजांनी तो परत नेला. आजी दर आषाढीला पंढरपूरला जाणाऱ्या. त्या रिकाम्या गाभाऱ्याला हात जोडून म्हणाल्या, "इथून गेला म्हणून आम्हाला मिळाला." मुलीने हे मला रात्री फोनवर सांगितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

दुपारी हुबळी. शुक्रवारी ताईचं काम सुरळीत झालं, बाकीचे सिद्धारूढ मठात जाऊन आले आणि धारवाडला पेढे घेऊन आले. शनिवारी पहाटे साडेपाचला निघून कोल्हापूरला नाश्ता, पुढे साताऱ्यापर्यंत सहापदरीकरणाच्या कामामुळे जागोजागी वळवलेला रस्ता, संध्याकाळी पाच वाजता घर. एकूण चौदाशे किलोमीटरच्या आसपास झाले, म्हणजे रामेश्वरच्या एका बाजूएवढे.

काय वेगळं करता आलं असतं

मोकळा दिवस चुकीच्या जागी होता. त्यांनी रविवार घरी विश्रांतीसाठी ठेवला होता आणि ते बरोबरच होतं, सोमवारी ऑफिस असतं. पण वाटेत काही बिघडलं तर त्या रविवारचा काडीचा उपयोग नव्हता. चौथ्या-पाचव्या दिवशी अर्धा दिवस जरी कोरा ठेवला असता तर धाकट्याच्या आजारपणाने ऐहोळे गेलं नसतं. ऐहोळे गेल्याची हळहळ मला जास्त आहे, कारण तिथल्या मेगुती टेकडीवर इ.स. ६३४ चा रविकीर्ती कवीचा शिलालेख आहे, चालुक्य राजा पुलकेशीने नव्व्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांवर सत्ता मिळवली असं त्यात आहे, आपल्या नावाचा एवढा जुना उल्लेख त्या मुलीला दगडावर बघता आला असता.

खोल्या घेताना परत न मिळणारं बुकिंग स्वस्त पडलं म्हणून घेतलं होतं, दोन रात्रींचे मिळून अकराशे रुपये वाचले होते. म्हातारी माणसं आणि लहान मुलं बरोबर असताना असं बुकिंग घेऊच नये असं माझं आता ठाम मत झालंय. पैसे तर जातातच, पण भरलेले पैसे माणसाला अंधारात गाडी काढायला लावतात, ते जास्त वाईट.

सोमवारी बनशंकरी आणि लेणी एकाच दिवशी घेणं जड झालं. पूजेच्या दिवशी जेवणाच्या वेळा चुकतातच, त्या दिवसाला दुसरं काही जोडायला नको होतं. आजींना ते निघायच्या आधीच वाटत होतं पण त्या बोलल्या नाहीत, आणि आम्ही कोणी विचारलं नाही.

हुबळीचा निर्णय मी पुन्हा तसाच घेईन. मुलगी अजूनही म्हणते की हंपीला अजून एक दिवस हवा होता, आणि तिचं बरोबर आहे, पण आईला खोलीत लॅपटॉपसमोर सोडून मिळालेला तो दिवस तिलाही आवडला नसता.

गडूचं पुढे काय झालं

६ एप्रिल २०२५ ला, रामनवमीच्या दिवशी, पांबनच्या नव्या रेल्वे पुलाचं उद्घाटन झालं. आजोबांनी ते टीव्हीवर बघितलं आणि कालनिर्णयकडे बोट दाखवलं. जुलैमध्ये भाऊजींनी शुक्रवार आणि सोमवार अशा त्या दोन सुट्ट्या टाकल्या. पुण्याहून चेन्नई विमानाने, तिथून रात्रीची रामेश्वरम गाडी, परत तशीच. आजोबा पहाटेपासून खिडकीशी बसून होते, समुद्रावरून गाडी हळूहळू जाते ते बघत. मंदिरातल्या बावीस तीर्थांच्या स्नानाला ओली फरशी आणि गुडघा बघून त्यांनी स्वतःच नको म्हटलं, अग्नितीर्थावर समुद्रात पाय बुडवून आले.

गंगा घातली. आजींनी तिथली मूठभर वाळू धुऊन, वाळवून, रुमालात बांधून आणली आणि आता ती रिकाम्या गडूत ठेवलीय, देव्हाऱ्यातच, त्याच जागी. गुडघ्याचं ऑपरेशन ऑक्टोबरमध्ये झालं. परवा आजोबा मला विचारत होते की पुण्याहून काशीला आता कोणत्या गाड्या आहेत.